विमानतळाची वाट आणि परळचा पूल

१२ सप्टेंबर २०२५ रोजी परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल वाहनांसाठी बंद झाला. त्यानंतर चार आठवडे पुरे होण्याच्या आत, ८ ऑक्टोबरला, पंतप्रधानांच्या हस्ते नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच समारंभात आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे लोकार्पणही उरकण्यात आले. विमानतळावरून प्रत्यक्ष प्रवासी वाहतूक २५ डिसेंबरला सुरू झाली. वृत्तपत्रांतून या घटना निरनिराळ्या मथळ्यांखाली आल्या. पूल हा वाहतुकीच्या खोळंब्याचा विषय ठरला, विमानतळ राष्ट्राभिमानाचा आणि मेट्रो नागरी सोयीचा. वस्तुतः हे एकाच वहीतले तीन व्यवहार आहेत. खाडीपलीकडे विमानतळ उभा राहिला तो ज्या महानगरासाठी, त्या महानगराचा जुना गाभा म्हणजे गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग. या गाभ्यातून विमानतळाकडे जाणारी वाट कोणासाठी बांधली जात आहे आणि तिची किंमत कोण मोजत आहे, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणांत येण्याजोगा नव्हता. परंतु तो टाळण्याजोगाही नाही.

एल्फिन्स्टन पूल ब्रिटिश अमदानीतला. तो कधी ना कधी पाडून नवा बांधावा लागलाच असता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु पाडण्याचा मुहूर्त परळकरांच्या गरजेवरून ठरला, असे मात्र म्हणता येणार नाही. सागरी सेतूवरून आणि किनारी मार्गावरून येणारी मोटार वाटेत सिग्नलला न थांबता शिवडीला अटल सेतूवर चढावी, यासाठी वरळी ते शिवडी असा साडेचार किलोमीटरचा उन्नत जोडमार्ग आखला गेला आणि त्याच्या वाटेत हा पूल आला. नव्या रचनेत पूल दुमजली व्हायचा आहे. खालचा मजला स्थानिक वाहतुकीला आणि वरचा सेतूकडे धावणाऱ्या मोटारींना. परळला त्याचा पूल परत मिळेल, कदाचित पूर्वीपेक्षा रुंदही मिळेल, हे मान्य केले पाहिजे. तथापि मधल्या काळाचा भार कोणाच्या डोक्यावर आहे? रेल्वेच्या पूर्वेला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. पश्चिमेला प्रभादेवी, वरळी आणि लोअर परळच्या दाट वस्त्या. पूल बंद होताच या वस्त्यांतून रुग्णालयाकडे येणाऱ्या वाहनांना दादरचा टिळक पूल किंवा करी रोडचा पूल गाठणे भाग पडले, आणि करी रोडचा पूल इतका अरुंद की त्यावर सकाळी एका दिशेने व दुपारनंतर उलट दिशेने वाहने सोडण्याची योजना पोलिसांना आखावी लागली. पुलालगतच्या दोन इमारतींतील रहिवाशांनी आधी पुनर्वसन आणि मग पाडकाम, असा आग्रह धरला तेव्हा विकासाच्या आड येणारे म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. वास्तविक ज्यांचे घर जाणार आहे त्यांनी दुसऱ्या घराची चावी आधी मागावी, यात आडमुठेपणा तो कोणता?

या ठिकाणी पुलांचा प्रश्न नवा नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर पावसाच्या सरीत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. रुंद पादचारी पूल मंजूर होऊनही कागदावरच राहिलेला होता. तेवीस बळी पडल्यानंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांत, नवा पूल उभा राहिला. पादचाऱ्यांच्या पुलाला वर्षे लागतात, मोटारींच्या उन्नत मार्गाला मात्र जागा, पैसा आणि पोलीस बंदोबस्त तत्परतेने मिळतो, असा परळकरांचा ग्रह झाला असेल तर तो निराधार म्हणता येणार नाही.

नवा विमानतळ हवाच होता, हे येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. मुंबईच्या हवाई वाहतुकीचा इतिहास जागेच्या टंचाईचा इतिहास आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते एका मैदानावर. पावसाळ्यात तेथे इतका चिखल होई की विमानसेवेला आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला, तोच पुढे नागरी झाला. १९८१ साली सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उघडले. आखातात निघालेला कोकणातला फिटर आणि अमेरिकेला शिकायला निघालेला गिरगावातला पदवीधर यांना निरोप देण्यासाठी सारी चाळ टॅक्सीत कोंबून सहारला जाऊ लागली ती तेव्हापासून. पुढे १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, २००६ मध्ये कारभार खाजगी कंपनीकडे गेला आणि २०१४ मध्ये नवे भव्य टर्मिनल उघडले. भव्यता वाढली, जमीन मात्र तेवढीच राहिली. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. साहजिकच एका वेळी एकच वापरता येते. अशा स्थितीतही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवशी १,०३२ विमानांची ये-जा झाली, म्हणजे सरासरीने दर ८४ सेकंदांना एक. वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी येथून जातात. कुर्ला, घाटकोपर, पार्ले आणि मिठी नदी यांनी चहूबाजूंनी वेढलेल्या या जागेत आणखी एक धावपट्टी बसवणे अशक्य होते. रेवस-मांडव्याचा विचार झाला, तो बारगळला. अखेर पनवेलनजीकची जागा निश्चित झाली. पर्यावरण खात्याची परवानगी २०१० मध्ये मिळाली, पायाभरणी २०१८ मध्ये झाली. ११६० हेक्टरांवरील या विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे आणि पूर्ण आराखडा नऊ कोटींचा आहे. गरजेविषयी वाद नाही. वाद आहे तो तेथे पोचण्याच्या मार्गाविषयी.

हा वाद समजून घेण्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या मुळाशी एक साधा विचार होता. मुंबईतील नोकऱ्या दक्षिण टोकाला एकवटल्या आहेत. त्या पूर्वेकडे नेल्या तर माणसेही जातील आणि लोकलवरचा ताण हलका होईल. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या नव्या शहरात जातील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय झाले? समुद्र हटवून नरिमन पॉइंटला मनोरे चढवण्यात आले आणि मंत्रालय जागचे हलले नाही. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले, एवढ्यावर राज्यकर्त्यांनी आपल्या कर्तव्याची इतिश्री मानली. साहेबांनी खाडी ओलांडली नाही. ओलांडावी लागली ती भलत्यांनाच.

ते कोण, याचे उत्तर लालबाग-परळच्या कोणत्याही चाळीत मिळेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही विरल्या. मागे उरली जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीने ही जमीन मालक, महापालिका आणि म्हाडा यांच्यात ढोबळमानाने तीन हिश्शांत वाटण्याचे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने हा हिस्सा गिरणीच्या सबंध आवारावर न धरता केवळ मोकळ्या जागेवर धरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. सार्वजनिक वाट्याला आलेला तुकडा आक्रसला तो असा. कामगारांच्या घरांसाठी जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यांना दाखवण्यात आले पनवेलजवळचे कोन. २०१६ च्या सोडतीत तेथील सुमारे २,४०० घरे गिरणी कामगारांना वाटण्यात आली आणि ताबा मिळण्यासाठी त्यांना पुढे कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. त्यानंतर शेलू आणि वांगणीची नावे पुढे आली, तेव्हा २०२५ च्या जुलैत वृद्ध कामगार आणि त्यांची मुले आझाद मैदानावर जमली आणि घर मुंबईतच हवे, असे त्यांनी सांगितले. ज्या परळमध्ये त्यांची हयात गेली तेथून त्यांना कोनपर्यंत नेणारा रस्ता आज तयार आहे. तो शिवडीहून अटल सेतूवरून जातो.

जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा सेतू २१.८ किलोमीटर लांबीचा आहे आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो अभिमानास्पद आहे, यात संशय नाही. पण त्यावर रूळ नाहीत. दुचाकीला आणि रिक्षाला त्यावर मज्जाव आहे. खुला झाला तेव्हा मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये पथकर ठरवण्यात आला. कोनला घर मिळालेल्या कामगाराचा मुलगा परळच्या एखाद्या कचेरीत शिपाई असेल तर या आकड्याचा त्याला काय अर्थ, हे निराळे सांगायला नको. एस. टी.ने पुण्याच्या काही शिवनेरी गाड्या सेतूवरून वळवल्या, बेस्टनेही दक्षिण मुंबईहून बेलापूरला बस सोडून पाहिली. परंतु सेतूची आखणी करताना मनात होती ती मोटार, बस ही नंतर सुचलेली गोष्ट, हे उघड आहे. जगातील जुन्या महानगरांनी दूरचे विमानतळ बांधताना रेल्वे आधी नेली किंवा निदान बरोबर नेली. हाँगकाँगने १९९८ मध्ये चेक लॅप कोकचा विमानतळ उघडला तेव्हा शहराच्या मध्यातून तेथे जाणारी आगगाडी त्याच वर्षी धावू लागली होती. येथे दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो आखली गेली आहे. ती होईपर्यंत लालबागच्या रहिवाशाने नेरूळमार्गे उरणच्या लोकलची वाट धरावी किंवा टॅक्सीचे भाडे मोजावे.

खाडीच्या त्या तीरावरचा हिशेबही याच वहीत मांडला पाहिजे. संप सुरू झाला त्याला दोन वर्षे होत होती, तोच १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले ते या रक्ताच्या मोबदल्यात. विमानतळासाठी हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा या दहा गावांनी आपली घरे, देवळे आणि शेते सोडली. उलव्याची टेकडी फोडण्यात आली, नदीचे पात्र वळवण्यात आले. जुन्या विमानतळापाशी मिठीला अशीच वळणे घ्यायला लावली होती आणि २६ जुलै २००५ रोजी तिने त्याचा जाब विचारला, हे विस्मरणात गेलेले दिसते. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये एकमताने केला. नाव उचितच आहे. परंतु ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांनी त्या पाटीसाठी झेलल्या नव्हत्या. खाडीच्या एका तीरावर गिरणी कामगार आणि दुसऱ्या तीरावर आगरी-कोळी शेतकरी, दोघेही एकाच दशकात एकाच शहराच्या वाढीखाली सापडले; आणि दोघांच्या नातवंडांनी आता नोकरीसाठी एकाच दरवाजापाशी उभे राहायचे आहे.

तो दरवाजा किती अरुंद आहे, हे १६ जुलै २०२४ रोजी कलिन्याला दिसले. विमानात सामान चढवण्या-उतरवण्याच्या व तत्सम कामांच्या सुमारे २,२०० जागांसाठी मुलाखती होत्या आणि वीस ते पंचवीस हजार तरुण तेथे लोटले. त्यांत पदवीधरही होते. रेटारेटी इतकी झाली की अर्ज ठेवून घेऊन उमेदवारांना परत पाठवावे लागले. एके काळी एअर इंडियातली कारकुनाची किंवा लोडरची नोकरी म्हणजे गिरगाव-दादरच्या घरात पेन्शनीची निश्चिंती मानली जाई. त्या नोकरीसाठी १९७० च्या दशकात स्थानीय लोकाधिकाराची चळवळ झाली, ती या निश्चिंतीपोटीच. आता भरती बहुतांशी मुदतीच्या कराराची असते. दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाच्या हाती आहेत: सहारला त्याची भागीदारी विमानतळ प्राधिकरणाशी, पनवेलला सिडकोशी, आणि दोन्हीकडे त्याचा हिस्सा ७४ टक्के. एका शहरात दोन विमानतळ झाले की स्पर्धा होऊन प्रवाशाचा लाभ होतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य येथे लागू पडत नाही. तेव्हा नोकऱ्या किती, कोणत्या कराराच्या आणि प्रकल्पग्रस्तांना त्यांत किती जागा, हे जाहीर करायला सिडकोला अडचण वाटू नये. तिच्याकडचे २६ टक्के हे अखेर जनतेचे आहेत.

गिरगावची गोष्ट या पार्श्वभूमीवर तपासून पाहण्यासारखी आहे. ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या चाळी पाडल्या गेल्या. शेकडो कुटुंबांना जागेवरच नवे घर देण्याच्या आश्वासनावर वर्षानुवर्षे संक्रमणात काढावी लागली. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. आरे वसाहतीत २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात झाडे तोडण्यात आली, तो डाग तर पुसला जाणारच नाही. हे सारे खरे असूनही, जी चाळ गेली तिच्या जागेजवळ गिरगावला स्थानक मिळाले, आणि त्या स्थानकातून शंभराच्या आतल्या तिकिटात थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी उतरता येते. दादरलाही तेच. किंमत जबर होती. पण ज्याने मोजली त्याच्या पदरात काही पडले. परळला उन्नत मार्गाकडून असे काय मिळणार आहे? वरच्या मजल्यावरून जाणारी मोटार परळला उतरणार नाही. ती परळ ओलांडण्यासाठीच वर गेली आहे.

मेट्रोतही एक उणीव आहे आणि ती विमानप्रवाशालाच जाचक आहे. सुरू झाली तेव्हा तिची अखेरची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटे. सहारहून आखातात आणि युरोपात जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर उडतात व त्याच सुमारास उतरतात. लोकलही रात्री एकच्या पुढे तीन तास झोपते. म्हणजे ज्या घटकेला विमानतळ सर्वात गजबजलेला असतो, त्या घटकेला तेथून परळ-लालबागला परतणारा प्रवासी आणि पाळी संपवून निघालेला सफाई कामगार, दोघेही टॅक्सीवाल्याच्या मर्जीवर असतात. तासाला एक बस, एवढीही सोय महानगराला जड जाऊ नये.

यातच सांताक्रूझचे जुने टर्मिनल पाडून नव्याने बांधण्याची योजना आहे. तसे झाल्यास तेथील देशांतर्गत उड्डाणांचा मोठा भाग पनवेलकडे वळवावा लागेल. नागपूरला किंवा दिल्लीला परीक्षेसाठी निघालेला विद्यार्थी, आईला उपचारासाठी घेऊन आलेला गावाकडचा शिक्षक, सुटीत दक्षिणेला जाणारे कारकुनाचे कुटुंब यांचा विमानप्रवास स्वस्त तिकिटांवर चालतो, आणि अशी उड्डाणे या टर्मिनलवरून बऱ्याच प्रमाणात होतात. आज दादरहून लोकलने पार्ल्याला उतरून रिक्षाने तेथे जाता येते. मेट्रो तर दारात जाते. उद्या याच प्रवाशाला सेतूपलीकडे जावे लागेल आणि तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत घालावे लागतील. तेव्हा टर्मिनलवर पहिला घाव पडण्याआधी सरकारने काही गोष्टी ठरवून जाहीर करणे इष्ट आहे. परळच्या एस. टी. आगारातून आणि दादरहून नव्या विमानतळाला अहोरात्र बस असावी. सेतूवर त्या बसला पथकर माफ असावा आणि बसच्या तिकिटाचा दर लोकल-मेट्रोच्या पंगतीतला असावा. जोडमार्गाच्या वरच्या मजल्यावरही बसला वाट असावी आणि परळला तिचा एक थांबा असावा. जिना बांधायला उन्नत मार्गाइतका खर्च येत नाही. आणि दुमजली पुलाचा खालचा मजला वरच्याच्या आधी वाहता करावा, म्हणजे वरळीहून निघालेल्या रुग्णवाहिकेला केईएमला पोचण्यासाठी करी रोडच्या पुलाचे वेळापत्रक पाहावे लागणार नाही.